दुपारी बारा पन्नासनंतर

ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीच्या खिशात काय काय होते, हे आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. काड्यापेटी, चाकू, नखे कापायची छोटी कात्री, फुटलेला अल्टिमीटर, रुमालात नीट गुंडाळलेली पत्रे आणि बर्फात वापरायचा गडद चष्मा. एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर, ८,१५५ मीटर उंचीवर, पंचाहत्तर वर्षे पालथा पडलेला त्याचा देह १ मे १९९९ रोजी अमेरिकन गिर्यारोहक कॉनराड अँकर याला दिसला. कपड्यांवर नावाची पट्टी शिवलेली होती, त्यावरून ओळख पटली. उजवा पाय मोडलेला होता. कमरेला दोर होता, तोही तुटलेला. कॅमेरा मात्र नव्हता.

त्या कॅमेऱ्यासाठीच तर ही सगळी शोधाशोध चालली आहे. कोडॅक कंपनीचा खिशात मावणारा हा कॅमेरा सहकारी हॉवर्ड सॉमरवेलने मॅलरीला दिला होता. हा सॉमरवेल शल्यचिकित्सक होता. पुढे त्याने त्रावणकोरातील नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली. कॅमेऱ्यातली फिल्म गोठलेल्या अवस्थेत टिकली असेल आणि तिच्यात शिखरमाथ्यावरचे छायाचित्र असेल, तर गिर्यारोहणाचा इतिहास एकोणतीस वर्षे मागे सरकेल.

मोहीम १९२४ची. मॅलरीची ही तिसरी खेप. १९२१च्या टेहळणीत त्यानेच नॉर्थ कोलच्या खिंडीकडे जाणारी वाट धुंडाळली होती. १९२२ साली याच खिंडीखाली हिमप्रपातात सात भारवाहक गाडले गेले आणि त्याचा सल मॅलरीला शेवटपर्यंत होता. १९२४च्या मोहिमेचा प्रमुख जनरल ब्रूस मलेरियाने आजारी पडून वाटेतूनच परतला आणि धुरा एडवर्ड नॉर्टनकडे आली. ४ जूनला हा नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत गेला आणि परतल्यावर हिमांधत्वाने तळमळत पडला. आता उरली होती एकच संधी. मॅलरीने जोडीला घेतला बावीस वर्षांचा अँड्र्यू अर्विन. ऑक्सफर्डचा हा नौकापटू गिर्यारोहणात नवखा होता, पण बिघडलेली प्राणवायूची यंत्रे दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

७ जूनला दोघे कॅम्प ६ वर पोहोचले. तिथून चार भारवाहक मॅलरीच्या चिठ्ठ्या घेऊन खाली आले. या दोघांना जवळून पाहणारी ती शेवटची माणसे. पुढच्या शंभर वर्षांत, दुसऱ्या दिवशी त्यांना दुरून पाहणाऱ्या सहकारी नोएल ओडेलच्या डोळ्यांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. ज्यांनी त्यांचे ओझे तिथवर वाहिले आणि मॅलरी-अर्विनचे चेहरे शेवटचे पाहिले, त्या चौघांची आठवण क्वचितच निघते, याची मला खंत वाटते.

ओडेलची साक्ष मात्र खरोखर महत्त्वाची आहे. ८ जूनला तो एकटाच मागून चढत होता. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी ढग फाटले आणि शिखराची धार उघडी पडली. बर्फावर एक काळा ठिपका कातळाच्या पायरीकडे सरकला, वर चढला. मागून दुसरा आला. मग ढग मिटले. कॅम्प ६ वर पोहोचेपर्यंत हिमवादळ सुरू झाले. वाऱ्यात ओडेल शिट्ट्या मारत राहिला, हाका घालत राहिला. उत्तर आले नाही.

प्रश्न आहे तो पायरी कोणती हा. ईशान्य धारेवर कातळाचे तीन टप्पे आहेत. ओडेलच्या सुरुवातीच्या वर्णनावरून ठिपके सेकंड स्टेपवर होते असे दिसते. टीका झाली तसा तो डळमळला, कदाचित ती फर्स्ट स्टेप असेल असेही म्हणाला. ओडेल वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, १९८७ साली वारला. तोवर लोक त्याला हेच विचारत राहिले. त्याच्या प्रामाणिकपणावर मला तिळमात्र शंका नाही. पण ढगांच्या क्षणभराच्या फटीतून, एवढ्या दुरून पाहिलेल्या दोन ठिपक्यांवर इतिहासाचा निकाल लावणे हे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

सेकंड स्टेप साधारण ८,६१० मीटरवर आहे. तिचे शेवटचे पाचेक मीटर जवळजवळ उभे आहेत. २५ मे १९६० रोजी वांग फुझो, गोनपो आणि चू यिनहुआ हे चिनी गिर्यारोहक उत्तरेकडून माथ्यावर गेले, तेव्हा चू यिनहुआने या कातळावर बूट काढले, सोबत्याच्या खांद्यावर पाय देऊन तो वर चढला आणि पायाची बोटे गमावून बसला. १९७५ साली चिनी पथकाने तिथे धातूची शिडी ठोकली आणि पुढची वाट बरीच सोपी झाली. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले तेही याच उत्तर बाजूने. मॅलरीचा देह सापडायला तेव्हा एक वर्ष बाकी होते. २००७ साली अँकरने लिओ हाउल्डिंगबरोबर शिडी बाजूला काढून हा टप्पा चढून दाखवला. म्हणजे निष्णात माणसाला तो अशक्य नाही. पण खिळेमारी बुटांत, पाठीवर अवजड यंत्र घेऊन, नवख्या अर्विनसह?

वस्तू काय सांगतात ते पाहा. १९३३ साली गिर्यारोहक पर्सी विन-हॅरिसला या दोघांपैकी एकाची आइस अ‍ॅक्स सापडली ती ८,४६० मीटरवर, फर्स्ट स्टेपच्या अलीकडे. १९९९ साली खाली आणलेले प्राणवायूचे नळकांडे मिळाले तेही फर्स्ट स्टेपच्या अलीकडेच. मॅलरीच्या खिशातल्या एका पाकिटाच्या पाठीवर नळकांड्यांचे क्रमांक आणि दाब पेन्सिलीने टिपलेले होते आणि त्यात या नळकांड्याचा क्रमांक होता. एक नळकांडे पूर्ण सोडले तर सुमारे चार तास पुरे. शिवाय सकाळी आठच्या सुमारास आम्हाला धारेवर शोधा, असे मॅलरीने छायाचित्रकार जॉन नोएलला चिठ्ठीत कळवले होते. ओडेलला ते दिसले दुपारी एकच्या आसपास. म्हणजे पाच तासांचा उशीर, माथा अजून दूर, वर वादळ. फर्स्ट स्टेपच्या वर १९२४ची म्हणून खात्रीने ओळखलेली एकही वस्तू आजवर मिळालेली नाही.

ते पोहोचलेच असे मानणारे दोन गोष्टी पुढे करतात. चष्मा खिशात होता, म्हणजे पडले तेव्हा अंधार झाला असावा, म्हणजे ते उशिरापर्यंत वर होते. हा मुद्दा वजनदार आहे. नॉर्टनची दशा डोळ्यांनी पाहिलेला मॅलरी उन्हात चष्मा काढणार नाही. पण उशिरा उतरणारा माणूस माथ्यावरूनच उतरत होता, हे त्यातून निघत नाही. दुसरी गोष्ट पत्नी रूथच्या छायाचित्राची. ते माथ्यावर ठेवणार असे मॅलरी म्हणाला होता, ही त्याच्या मुलीची आठवण. देहाजवळ छायाचित्र नव्हते. मन हेलावते, पण हा पुरावा नव्हे.

अर्विनचा माग १९७५च्या मोहिमेतल्या एका चिनी गिर्यारोहकाच्या बोलण्यापर्यंत जातो. वांग होंगबाओने ८,१०० मीटरच्या आसपास एक जुना इंग्रज मृतदेह पाहिला होता. १९७९ साली त्याने हे जपानी सहकाऱ्याला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी हिमप्रपातात तो स्वतः गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये गिर्यारोहक जिमी चिनच्या पथकाला मध्य रोंगबुक हिमनदीवर एक बूट आणि त्यात पायाचा अवशेष सापडला. मोज्यावर ‘ए. सी. अर्विन’ अशी पट्टी होती. म्हणजे अर्विनचा देह, निदान त्याचा काही भाग, उत्तर भिंतीवरून कितीतरी खाली वाहून आला आहे. कॅमेरा त्याच्याजवळ असेल, तर तोही आता या हिमनदीत कुठेतरी असण्याची शक्यता आहे.

माझे मत स्पष्ट आहे. दोघे माथ्यावर पोहोचले नसावेत. दोराला बांधलेले असताना, उतरताना, एक घसरला आणि त्याने दुसऱ्याला ओढले. पहिल्या चढाईचा मान २९ मे १९५३च्या तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांचाच. फिल्मने उलटे सांगितले, तर हे मत मी आनंदाने बदलेन.

महाराष्ट्रातून एव्हरेस्टवर जाणाऱ्यांपैकी कोणी रोंगबुकच्या बाजूने गेले, तर त्यांना एक विनंती. बर्फात जुना छोटा कॅमेरा दिसला तर तो उघडू नका, पुसू नका, तंबूच्या उबेत आणू नका. आहे तसा थंड आणि अंधारात ठेवा आणि आधी जाणकारांना कळवा.