टपालाने फिरणारी कादंबरी

२०२५ च्या पावसाळ्यात निपाणीहून आमच्याकडे एक पार्सल आले. जुन्या अभ्र्याच्या कापडात शिवलेले, वर सुतळी, आत प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत एक जाडजूड पुस्तक व दोनशे पानी वही. पोस्टमनने ते पायरीवर ठेवले आणि विचारले, "काय काका, मुद्रिका आली वाटतं तुमची?" आता पार्सल हातात घेताच त्याला कळते. वर्षभरात त्याने हे पुस्तक तीन वेळा आणले आहे आणि तीन वेळा नेले आहे.

पुस्तकाचे नाव 'स्वामी मुद्रिकांचा'. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुत कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद. तीन खंड आहेत. सीमाभागातील सात घरांत मिळून त्याचा एकच संच आहे, आणि तो टपालाने फिरतो. नंदगड, निपाणी, आमचे येळ्ळूर, कडोली, उचगाव, मग हद्द ओलांडून चंदगड, तिथून थेट बिदर जिल्ह्यातले भालकी, आणि पुन्हा नंदगड. आम्ही याला भिशी म्हणतो. पैशांच्या भिशीत जसा एकेकाचा नंबर लागतो तसा इथे खंडाचा लागतो. खंड सुटे फिरतात, म्हणून एका वेळी तीन घरांत वाचन चालू असते. २०२३ च्या दिवाळीत सगळ्यांनी वर्गणी काढून संच घेतला. सातांपैकी एकाच्याही गावात तो वाचनालयात नव्हता.

कथा थोडक्यात सांगायची तर अशी. एक अंगठी आहे, जी बोटात घालणाऱ्याला बळ देते आणि हळूहळू त्याला नासवते. ती जिथे घडवली त्याच ज्वालामुखीत नेऊन टाकायची आहे. हे काम येऊन पडते ते फ्रोडो नावाच्या एका हॉबिटावर. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे, अनवाणी हिंडणारे, खाण्यापिण्याचे शौकीन लोक. सकाळची न्याहारी झाली की ते दुसरी न्याहारी करतात. फ्रोडोबरोबर असतो त्याचा माळी सॅम. राजे, जादूगार, पऱ्यांसारखे एल्फ, राक्षस असा सगळा लवाजमा आहे. ज्यांनी लहानपणी नाथमाधवांचे 'वीरधवल' चोरून वाचले त्यांना यात काही परके वाटणार नाही.

पुस्तकाबरोबर फिरणाऱ्या वहीच्या पहिल्या पानावर नंदगडच्या बाईंनी एक हकीकत लिहून ठेवली आहे. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांना हे कुठून तरी वाचायला मिळाले आणि त्यांनी ते आमच्यासाठी उतरवले. हकीकत अशी की ही कादंबरी छापली जाण्याच्या दहा वर्षे आधीच टपालाने फिरली होती. आम्ही मागाहून पडताळून पाहिले, ते खरे आहे. खुद्द लेखकानेच पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते नोंदवले आहे.

टॉल्किन हे ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक. 'द हॉबिट' हे त्यांचे मुलांसाठीचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले, खपले, आणि प्रकाशकाने पुढचा भाग मागितला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहायला घेतलेली ही गोष्ट वाढत वाढत हाताबाहेर गेली. मध्येच महायुद्ध आले. कागदाची टंचाई होती. प्राध्यापक महाशय उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहीत. रात्री हवाई हल्ल्याच्या पहाऱ्याची पाळी असे. कादंबरी अडून पडली.

तेवढ्यात त्यांचा धाकटा मुलगा ख्रिस्तोफर हवाई दलात भरती झाला आणि १९४४ च्या सुरुवातीला प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. बापाचा जन्मही तिकडचाच, ब्लूमफाँटेनचा, १८९२ चा. हा ख्रिस्तोफर लहानपणापासून बापाच्या गोष्टींचा मोठा चिकित्सक. 'द हॉबिट'मधली एकेक चूक शोधून दिली की बाप त्याला दोन पेनी देई, असे सांगतात. असा श्रोता दूर गेल्यावर बापाला चैन पडेना. १९४४ च्या एप्रिल-मे मध्ये त्यांनी फ्रोडो आणि सॅम यांच्या शत्रुप्रदेशातल्या प्रवासाची प्रकरणे लिहून काढली. ती टंकलिखित होत आणि मुलाला टपालाने रवाना होत. साप्ताहिकात क्रमशः कादंबरी यावी तशी, पण एकाच वर्गणीदारासाठी.

वर्गणीदारही असातसा नव्हता. सॅमचे आडनाव गॅमजी. बापाच्या मनात आले की ते बदलून दुसरे, जास्त गावरान इंग्रजी वळणाचे ठेवावे. मुलाने पत्रातून नापसंती कळवली. बापाने उत्तर दिले की तुझ्या संमतीशिवाय मी ते बदलणार नाही, आणि बदल का सुचला याची कारणेही समजावून लिहिली. शेवटी गॅमजीच राहिले. आज जगभर ज्या नावाने तो माळी ओळखला जातो ते नाव एका वाचकाच्या पत्राने टिकले आहे.

मे महिन्याच्या शेवटी बापाने जे प्रकरण संपवले त्यात फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो आणि सॅम बंद दाराबाहेर राहतो. आणि तिथे गाडी पुन्हा थांबली. पुढचे लिहायचा प्रयत्न झाला, तो सोडून दिला. कथा शेवटाला जायला आणखी पाच वर्षे लागली. मुलगा त्याच्या कितीतरी आधी घरी परतला होता. कादंबरी १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातले नकाशे काढले ते याच मुलाने. बाप १९७३ मध्ये गेल्यावर त्याची राहिलेली हस्तलिखिते लावण्यात ख्रिस्तोफरने उरलेले आयुष्य घातले. तो २०२० मध्ये वारला.

वाचकहो, आपल्याकडे हे अगदीच नवे नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः दिली. मराठी कादंबरीला टपालाची सवय आहे, एवढेच म्हणायचे.

पण या टॉल्किनबद्दल सीमाभागातल्या माणसाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट निराळीच आहे. त्यांनी आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारे लोक कल्पिले, आणि मग त्या लोकांची गोष्ट लिहिली. एल्फांच्या दोन भाषा आहेत. एकीला वळण फिनिशचे, दुसरीला वेल्शचे. दोन्ही थोरल्या शेजाऱ्याच्या सावलीत दीर्घ काळ राहिलेल्या भाषा. फिनिश स्वीडिशच्या, वेल्श इंग्रजीच्या. बर्मिंगहॅमजवळ राहत असताना लहानग्या टॉल्किनच्या घरामागून रेल्वे जाई. कोळशाच्या वाघिणींवर वेल्श गावांची नावे रंगवलेली असत. त्या नावांचा अर्थ कळत नव्हता, उच्चार येत नव्हता, तरी त्या अक्षरांनी पोराला वेड लावले. आमच्या इकडे दुकानांवरच्या आणि बसवरच्या पाट्यांवरून काय काय झाले ते आम्ही इथे पुन्हा सांगत नाही. फक्त एवढेच की पाटी वाचत उभे राहिलेले पोर पुढे काय होईल हे पाटी लावणाऱ्यालाही माहीत नसते आणि पुसणाऱ्यालाही.

आता आमच्या भिशीकडे वळतो. कुणी विचारील, कडोली ते उचगाव अंतर ते किती, हातोहात द्यावे की. देता येते, कधी कधी देतोही. पण भालकी शेकडो किलोमीटर लांब. आणि चंदगड जवळ असले तरी सीमेवर वातावरण तापले की एस.टी. अडते. आमच्या अनुभवात टपाल अडले नाही. चंदगडचा पिनकोड ४ ने सुरू होतो, आमचा ५ ने. पाकीट मात्र पहिला आकडा बघून पुढे सरकते. ही पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतात कविता करणारे मराठी माणूस. सारख्या नावांची गावे, नाना भाषांत आणि नाना लिप्यांत लिहिलेले पत्ते, यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकडे दिले. आम्ही पत्ता मराठीत लिहितो, खाली कन्नडमध्ये लिहितो, आणि सहा आकडे ठळक करतो. आजवर एकही खंड हरवलेला नाही. एकदा मात्र भालकीकरांनी दुसऱ्याऐवजी तिसराच खंड पुढे पाठवला आणि नंदगडच्या बाईंना शेवट आधी कळला. त्यांनी वहीत दोन ओळींत जे लिहिले आहे ते आम्ही छापत नाही.

खरी अडचण आली ती दरांची. पुस्तकांसाठी असलेली 'रजिस्टर्ड प्रिंटेड बुक्स' ही सवलतीची सेवा १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झाली. त्या वेळी तिसरा खंड नंदगडला होता आणि नंबर निपाणीच्या दादांचा होता. दादांचे वय ८१. उभे आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेले. हॉबिट लोक पाइपात कसली पाने ओढतात याचे वर्णन वाचून त्यांनी वहीत शेरा मारला होता, "हे तर आमच्याच गावचे निघाले." दुसरा खंड त्यांनी भिंग लावून वाचून संपवला होता. तो खंड नेमका तिथेच संपतो, फ्रोडो शत्रूच्या हाती आणि सॅम दाराबाहेर.

साध्या पार्सलने पाठवता आले असते. पण भिशीचा नियम आहे, बुक पोस्टापेक्षा जास्त खर्च करायचा नाही. सातांपैकी चौघे पेन्शनवर आहेत. एकाने खिसा सैल केला की दुसऱ्याला लाज वाटते, आणि लाज वाटली की माणूस सांगून नाही, गुपचूप बाहेर पडतो. आम्ही दादांना फोन केला. म्हटले, नंदगडला जाऊन खंड घेतो आणि घरी आणून देतो.

"नको," ते म्हणाले. "नियम तो नियम. त्या लष्करातल्या पोरानं तिकडं वाट बघितली न्हवं? मी बी बघतो की. तेवढं शेवट काय होतो ते कुणी सांगू नका, म्हणजे झालं."

त्या वयात अशी वाट पाहणे ही गंमत नव्हे. फेब्रुवारीत त्यांच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. आम्ही धास्तावलो होतो, उगाच कशाला लपवा. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. रस्त्याने किंवा रेल्वेने जाते, पण वाटेत कुठे आहे ते पाहता येते. बाईंनी पहिल्याच आठवड्यात खंड शिवून पोस्टात टाकला. दादांनी तो महिनाभरात वाचला आणि मग आमच्याकडे पाठवला. तेच सुरुवातीला सांगितलेले पार्सल.

उचगावच्या घरातली मुलगी नववीत, इंग्रजी माध्यमात. घरी मराठी बोलते, पण वाचताना जोडाक्षरापाशी अडखळे. पहिला खंड तिला आजीने वाचून दाखवला. दुसऱ्या खंडात आजीचा वेग तिला पुरेना, तेव्हा तिने पुस्तक ओढून घेतले. वहीतली तिची पहिली नोंद अर्धी इंग्रजी अक्षरांत होती. परवाची नोंद सबंध मराठीत आहे, ऱ्हस्व-दीर्घ बरेच चुकलेले. 'कोळिणीचे प्रकरण रात्री वाचू नये, आजी पण घाबरली' असा मजकूर आहे. मराठी वाचा, मराठी जगवा, अशी आवाहने आम्ही या पानावर कितीतरी वर्षे छापत आलो. त्यांतले एकही त्या पोरीने वाचलेले नाही. फ्रोडो सुटतो की नाही, एवढेच तिला हवे होते.

वहीच्या शेवटच्या पानांवर एक यादी वाढत चालली आहे. अनुवादात आलेल्या एखाद्या शब्दाला कुणाच्या घरी काय म्हणतात, याची. भालकीकरांच्या मराठीत दखनीची मिसळ, आमच्यात कानडीची, चंदगडची आणखी तिसरीच. दुसऱ्या न्याहारीला काय म्हणावे यावर दीड पान वाद झाला आहे आणि तो मिटलेला नाही.

हे लिहीत असताना तिसरा खंड चंदगडला आहे, पुढचा मुक्काम भालकी. वही भरली म्हणून चंदगडकरांनी नवी आणली आहे आणि पहिल्या पानावर सात पत्ते लिहून काढले आहेत. निपाणीच्या दादांचे पोस्टकार्ड काल आले. एवढेच विचारले आहे की पुढचे पुस्तक कोणते, आणि जाडजूड आहे ना.