हंगाम बर्फाचा, हिशेब विजेचा

जून 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे भारतीय महिला आइस हॉकी संघाने आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. या संघाचे ते पहिलेच पदक. बहुतेक खेळाडू लडाखच्या, काही हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या. गोठलेल्या तळ्यांवर खेळ शिकलेल्या मुलींनी वाळवंटातील शहरात पदक जिंकावे, याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या शहरात जूनच्या उन्हाळ्यातही खेळण्याजोगा बर्फ उपलब्ध होता, ही बाब आपल्या धोरणकर्त्यांनी अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेहमध्ये या खेळाचा हंगाम आजवर तळ्यांनीच ठरवला आहे. रात्री पाणी सोडायचे, थरावर थर गोठू द्यायचा, सकाळी झाडू-फावडे घेऊन पृष्ठभाग साफ करायचा, असा हा क्रम. डिसेंबरच्या अखेरीस बर्फ धरू लागतो आणि फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत दुपारच्या उन्हाने मऊ पडतो. हंगाम पूर्वी याहून लांब असे, असे तेथील जुने खेळाडू सांगतात. एवढ्याशा अवधीत स्थानिक सामने, राष्ट्रीय स्पर्धा, 2024 पासून लेहमध्ये भरणारे ‘खेलो इंडिया’ हिवाळी खेळ आणि त्याच वर्षी सुरू झालेली ‘रॉयल एनफिल्ड आइस हॉकी लीग’ हे सारे बसवावे लागते. योगायोग असा की, उत्तर अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक लीगही जानेवारी 2024 मध्येच सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामात सहा संघ होते, प्रत्येकाच्या वाट्याला 24 साखळी सामने होते आणि तो मे अखेरपर्यंत चालला. लेहच्या लीगमध्येही महिलांचे संघ आहेत. पण तिचा सारा कारभार मोजक्या आठवड्यांत आटोपतो. तळ्यावर जागा एकच असेल तर ती आधी पुरुषांना मिळते, हा अनुभव तेथील मुलींनी वर्षानुवर्षे घेतला आहे. हंगाम आखडला की त्याची पहिली झळ कोणाला बसणार, हे वेगळे सांगायला नको.

लडाखमध्ये हा खेळ रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने लष्कराला जाते. राष्ट्रीय संघटना 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. महिलांचा संघ मात्र 2016 मध्ये तैपेईला प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि एकही सामना न जिंकता परतला. पुढच्याच वर्षी बँकॉकमध्ये त्याने फिलिपिन्सला 4-3 असे नमवून पहिला विजय नोंदवला. त्या काळात प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी गोळा करावी लागली होती. इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक जुनीच रीत दिसते: सीमावर्ती प्रदेशाकडे राज्यसंस्था आधी सुरक्षेच्या नजरेने पाहते, नागरी सोयी मागाहून पोहोचतात. आजही अनेक महिला खेळाडूंना स्थैर्य मिळाले आहे ते भारत-तिबेट सीमा पोलीस दलातील नोकरीमुळे. ही सोय मोलाची आहे, पण ती सेवेत दाखल झालेल्यांपुरती. शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला, किंवा ज्या काझामध्ये 2022 साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली तेथील नवख्या खेळाडूला, त्या दलाचा दरवाजा अजून दूर आहे.

खरा धडा देहरादूनचा आहे. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेसाठी तेथे ऑलिम्पिक आकाराची बंदिस्त रिंक उभारण्यात आली. स्पर्धा पार पडली, पाहुणे परतले आणि रिंक अनेक वर्षे बंद पडून राहिली. कारणांत अग्रभागी होता तो बर्फ टिकवण्यासाठी लागणाऱ्या विजेचा व देखभालीचा खर्च. सरकारी अंदाजपत्रक हाताळलेल्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही. इमारत भांडवली खर्चात बसते, तिला कोनशिला मिळते, उद्घाटन मिळते. वीजबिल महसुली खर्चात जाते आणि काटकसरीची कात्री पहिल्यांदा तेथेच चालते. (फाइलवर ‘देखभालीची तरतूद संबंधित विभागाने करावी’ असा शेरा पडला की ती तरतूद कोणाचीच राहत नाही.) दरम्यान, लडाखची खेळाडू मुलगी दर फेब्रुवारीत स्केट्स बांधून ठेवत राहिली.

ही रिंक आता दुरुस्त होऊन पुन्हा उघडली आहे आणि ऑगस्ट 2025 मध्ये तेथे आशियाई पातळीवरची स्पीड स्केटिंग स्पर्धाही झाली. ती पुन्हा बंद पडू नये, यासाठी केंद्राने तिचा वार्षिक चालन-खर्च किमान दहा वर्षांसाठी स्वतंत्र शीर्षाखाली मंजूर करावा आणि त्या बदल्यात मार्च ते नोव्हेंबर या काळातील ठरावीक तास महिला व शालेय खेळाडूंसाठी राखून ठेवण्याची अट घालावी. लेह-काझाहून येणाऱ्या मुलींच्या प्रवासाचा, निवासाचा व बुडणाऱ्या शाळेचा विचारही त्याच आदेशात व्हावा. अन्यथा राखीव तास केवळ कागदोपत्री भरले जातील. यापुढे नवी रिंक मंजूर करायची असेल, तर तिच्या प्रस्तावाला पहिल्या दहा वर्षांच्या वीजबिलाचा अंदाज जोडलेला असावा आणि ते कोणता विभाग भरणार, हे त्या विभागाच्या लेखी संमतीसह नमूद असावे.