हिमनदीचा ताळेबंद

माझे सारे आयुष्य बँकेत लोकांचे जमाखर्च तपासण्यात गेले. त्यामुळे, "मामा, यंदा एक निराळीच वही तपासायला या," असे भाच्याने कळवले, तेव्हा मला हसू आले. भाचा हिमनद्यांचा अभ्यास करतो. वही होती लडाखात!

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंच. वर्षभरात पाऊस आणि हिम मिळून तेथे जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. आपल्या मुंबईला आषाढात एवढे एका दिवसात पडते! तरीही खोऱ्याखोऱ्यांतून सातूची शेते दिसतात. त्यांची सारी भिस्त डोंगरमाथ्यावर गोठून राहिलेल्या पाण्यावर.

विरळ हवेची सवय होईपर्यंत आठवडा गेला. मग सप्टेंबरातल्या एका सकाळी धापा टाकीत मी हिमनदीच्या तोंडाशी पोहोचलो. तेथे बर्फात एक बांबू उभा होता, चांगला माझ्या डोक्याच्या वर.

"गेल्या वर्षी वाफेच्या यंत्राने भोक पाडून पुरला, तेव्हा वीतभरच वर होता," भाचा टेप लावीत म्हणाला.

"हा झाला खर्च. आणि जमा?"

"जमा वरच्या अंगाला. तिथं खड्डा खणून वर्षभराच्या हिमाची जाडी मोजायची, वजन करायचं. एक मीटर बर्फाचं पाणी सुमारे ९० सेंटिमीटर. ताज्या हिमाचं पुष्कळ कमी. दोन्ही बाजू पाण्यात मांडल्या, की तुमचा ताळेबंद तयार!"

हिमाचलातल्या लाहौलमध्ये छोटा शिग्री नावाची हिमनदी आहे. तिची अशी वही २००२ सालापासून ठेवलेली आहे. २०१९ पर्यंतच्या नोंदींत वर्षाला सरासरी जवळजवळ अर्धा मीटर पाण्याची तूट आहे. हवा तापत चालली आहे, तिचा हा हिशेब. आता उपग्रह शेकडो हिमनद्या एकदम न्याहाळतात. पण त्यांचे आकडे पडताळून पाहायला बांबूच लागतो.

"बर्फ एवढे वितळते, म्हणजे गावाला पाणी भरपूर मिळत असेल," मी म्हणालो.

"काही वर्षं मिळतं, मामा. मुद्दल मोडून खाणाऱ्याच्या घरीसुद्धा काही दिवस चंगळ असतेच की!"

असे खातेदार मी खूप पाहिले आहेत. मी गप्प झालो.

आमचा मुक्काम खालच्या गावात एका आजीबाईंकडे होता. तिकडे आजीला आबी-ले म्हणतात. पेरणी एप्रिल-मेमध्ये, हिमनदीला पाझर फुटतो जूनच्या सुमारास. मधले दिवस खालच्या उतारांवरच्या हिमावर काढायचे, आणि तेच अलीकडे कमी पडते. गावचा चुरपोन पाळीपाळीने पाटाचे पाणी सोडतो. तरीही आबी-लेंचे एक शेत यंदा पडीक राहिले. जंस्कारमधल्या कुमिक गावच्या लोकांना तर पाण्यापायी जुने गाव सोडून खाली नवी घरे बांधावी लागली.

माणसे मात्र हातपाय गाळून बसलेली नाहीत. चेवांग नोर्फेल या अभियंत्याने १९८७ पासून हिवाळ्यात वाया जाणारे पाणी सावलीच्या उतारांवर बांध घालून अडवले आणि थराथराने गोठवले. गावाजवळचा हा बर्फ पेरणीच्या वेळीच वितळतो. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या सुमारास नळाने वरून आणलेले पाणी थंडीत कारंज्यासारखे उडवून बर्फाचे स्तूप उभे केले. पंपाची गरज नाही, उतार पुरतो.

"पण ही हातखर्चाची सोय," भाचा म्हणाला, "मुद्दलात भर पडत नाही."

निघण्यापूर्वी त्याने नवा बांबू पुरला आणि वही माझ्यापुढे केली. तारीख आणि आकडा मी माझ्या हाताने लिहिला. लाल शाई मात्र जवळ नव्हती.

यंदा लक्ष्मीपूजनाला मी त्या पानाची नक्कल पाटावर ठेवणार आहे. पुढल्या सप्टेंबरात पुन्हा जायचे ठरले आहे. आधी आबी-लेंचे शेत पेरले गेले का ते पाहीन, आणि मग बांबू.