फालून : तांब्याच्या डोंगराखालचे शहर

स्वीडनच्या दालार्ना प्रांतातील फालून हे शहर तांब्याच्या खाणीच्या काठावर वाढले. या खाणीचा सर्वांत जुना उपलब्ध लेखी उल्लेख १२८८ सालचा असून, वेस्तेरोसच्या बिशपने तिच्यातील एक अष्टमांश वाटा परत मिळवल्याची नोंद त्यात आहे. अर्थात खाणीची मालकी वाट्यांनी विभागण्याची रीत तेव्हाच रूढ झालेली होती. सतराव्या शतकात स्वीडन युरोपातील लष्करी सत्ता म्हणून उभा राहिला, त्यामागे या तांब्याचे मोठे बळ होते. १६५० साली येथे सुमारे ३००० टन तांबे निघाले. देशात तांबे इतके मुबलक की १६४४ मध्ये पाडलेले दहा डालरचे नाणे म्हणजे जवळजवळ वीस किलोंचा तांब्याचा पत्राच होता, आणि तो खिशात घालण्याचा प्रश्नच नव्हता.

या वैभवाची किंमत शहराच्या हवेने मोजली. खाणीत सरपण पेटवून खडक तापवीत, तो तडकला की फोडीत, आणि निघालेल्या खनिजातील गंधक घालवण्यासाठी ते उघड्यावर भाजीत. त्या धुराने आसमंतातील झाडेझुडपे करपून गेल्याचे १७३४ मध्ये तेथे आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने नोंदवले आहे. खोदकामालाही पुरेशी शिस्त नव्हती. परिणामी १६८७ च्या उन्हाळ्यात खाणीच्या भिंती खचून सुमारे शंभर मीटर खोल खड्डा पडला. सणाची सुट्टी असल्यामुळे कोणीही दगावले नाही, हे नशीबच म्हणायचे.

खाणीतल्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोहाचा गंधकयुक्त क्षार, विरघळलेला असे. १६७७ मध्ये बेपत्ता झालेल्या मात्स इस्राएल्सन या खाणकामगाराचा मृतदेह १७१९ मध्ये सापडला, तेव्हा या क्षारामुळे तो इतका शाबूत होता की म्हातारी झालेल्या त्याच्या वाग्दत्त वधूने त्याला ओळखले. बाहेर काढल्यावर मात्र देह कडक झाला. लोकांनी तो कुतूहलाने पाहण्याची वस्तू बनवला, आणि त्याला कायमची मूठमाती मिळाली ती १९३० मध्ये.

खाणकाम १९९२ मध्ये थांबले, आणि २००१ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला. तांब्याइतकेच, किंबहुना अधिक टिकले ते तांब्याचे टाकाऊ. खाणीच्या कडेला साचलेल्या, हवापाण्याने गंजलेल्या ढिगाऱ्यातील लोहयुक्त माती गेरूसारखी लाल असते. ती धुऊन, भाजून, राय धान्याचे पीठ, पाणी आणि जवसाचे तेल यांबरोबर शिजवली की लाकडी भिंतींना लावायचा रंग तयार होतो. स्वीडनच्या खेडोपाडी दिसणारी लाल घरे याच रंगाची, आणि त्याची माती आजही फालूनच्याच ढिगाऱ्यांतून उचलली जाते.