दुचाकी समजून घेताना : सेल्फ लागत नाही, दोष बॅटरीचाच?

सेल्फचं बटण दाबलं, ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि गाडी ढिम्म. अशा वेळी घरापासून गॅरेजपर्यंत सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, गाडी चालू होते आणि निदान बरोबर होतं असं सगळे धरून चालतात. गेल्या आठवड्यात आपण बॅटरीच्या आत काय घडतं ते पाहिलं. आता तिच्यावर येणारा आळ तपासू. नवी बॅटरी टाकल्यावर गाडी चालू झाली, एवढ्यावरून जुनी बॅटरी खराब होती हे सिद्ध होत नाही. दोष कुठे आहे ते सेल्फची मोटर करंट ओढत असताना व्होल्ट मोजूनच कळतं, आणि त्याला लागणारा साधा मल्टिमीटर नव्या बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो.

बटण दाबलं की करंटच्या दोन वाटा सुरू होतात. पहिली बारीक वायरींची. ती बटण, किल स्विच, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच आणि गाडीत असेल तर साइड स्टँडचा स्विच, अशी फिरून स्टार्टर रिलेच्या कॉइलपर्यंत जाते. दुसरी जाड केबलची. ती बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून रिलेच्या आतल्या संपर्कांमधून मोटरच्या कार्बन ब्रशपर्यंत पोचते. तिथून आर्मेचर, मोटरची बॉडी, इंजिन आणि अर्थिंगची केबल असं करत बॅटरीच्या निगेटिव्हला परतते. ‘टक्’ हा रिलेचा आवाज. तो आला म्हणजे पहिली वाट शाबूत आहे आणि शोध दुसऱ्या वाटेवर घ्यायचा. आवाजच आला नाही, तर मोटर खोलण्याआधी किल स्विच, साइड स्टँड आणि क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच तपासायचा. बटण दाबताच रिले टकटकटक वाजत राहिला, तर भार येताक्षणी व्होल्ट कोसळतात, रिले सुटतो आणि भार गेला की पुन्हा धरतो, असा अर्थ होतो. पण ते कोसळणं बॅटरीच्या आतलं की एखाद्या सैल टर्मिनलवरचं, हे नुसत्या कानाला कळत नाही.

का कळत नाही, याचं उत्तर ओहमच्या नियमात आहे. समजा, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज चढून 0.1 ओहम रोध तयार झाला. टेललाइटचा 5 वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. त्याच्यासाठी त्या सांध्यावर जेमतेम 0.04 व्होल्ट खर्ची पडतात. बल्ब लख्ख लागतो, मीटरही 12.6 दाखवतो. पण तिथूनच मोटर 40 अँपिअर ओढू लागली, तर 4 व्होल्ट त्या एका बोल्टवर जिरतात आणि 160 वॅटची उष्णता होते. म्हणून सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर सांध्यांना बोट लावून पाहावं. बाकीचे गार आणि एकच कोमट लागला, तर चोर सापडला. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तांब्यावर चढणारा हिरवट थर आणि बॅटरीच्या टर्मिनलवर जमणारी पांढरी भुकटी हे अशा चोरांचे नेहमीचे अड्डे.

मोजणी तीन टप्प्यांत करायची. गाडी न्यूट्रलला ठेवून मीटर डीसी 20 व्होल्टवर लावायचा आणि दरवेळी सेल्फ दोन-तीन सेकंदच दाबायचा. पहिला टप्पा: मीटरच्या दोन्ही टोच्या थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर, केबलच्या थिंबलवर नव्हे. शांत असताना लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.6च्या आसपास हवी. सेल्फ दाबल्यावर साडेनऊच्या खाली जाता कामा नये. दुसरा टप्पा: लाल टोची पॉझिटिव्ह खांबावर, काळी मोटरच्या टर्मिनलवर. रिले उघडा असताना इथे पूर्ण 12 व्होल्ट दिसतील, त्याने बिचकू नये. बटण दाबल्यानंतरचा आकडा महत्त्वाचा. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. ‘टक्’ होऊनही 12च राहिला, तर रिलेचे संपर्क आतून जळलेत किंवा केबल तुटली आहे. तिसरा टप्पा: काळी टोची निगेटिव्ह खांबावर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ दाबल्यावर इथे 0.2–0.3पेक्षा जास्त आलं, तर अर्थिंग साफ करायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात जवळपास काहीच जिरत नाही, मोटरच्या दारापर्यंत 12 व्होल्ट पोचतात आणि तरी ती फिरत नाही, तर कार्बन झिजलेत किंवा आर्मेचर गेलंय. बॅटरीवर बोट ठेवायचं ते पहिल्या टप्प्यात आकडा कोसळला तर. तेव्हाही आधी ती पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजायची. चार्ज होऊनही कोसळली आणि इंजिन किंवा मोटर जाम नसेल, तर बदलायलाच हवी.

यावर मेकॅनिकचा आक्षेप असा की बॅटरी बदलून गाडी चालू होते, मग एवढा खटाटोप कशाला? त्यात तथ्य आहे. तीन-चार वर्षं वापरलेली बॅटरी बरेचदा खरोखरच संपलेली असते. पण ताजी बॅटरी भाराखालीही जास्त व्होल्ट टिकवते, त्यामुळे गंजलेल्या सांध्यावर काही जिरूनही मोटरपुरते उरतात. शिवाय बॅटरी बसवताना टर्मिनल खरवडून घट्ट आवळले जातात; कधीकधी खरी दुरुस्ती तेवढीच असते आणि श्रेय मात्र बॅटरीला मिळतं. सांधा तसाच राहिला, तर बॅटरी थोडी उतरताच दुखणं परत येतं. दुसरा आक्षेप: रिलेची दोन टोकं पान्याने जोडली की झटक्यात कळतं. कळतं खरं, पण ठिणगी उडते आणि न्यूट्रलचं संरक्षण टळतं; गाडी गिअरमध्ये असेल तर अंगावर येते. मीटरच नसेल, तर हॉर्न आणि सेल्फ एकदम दाबावेत. हॉर्न घोगरा होऊन बसला, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. ‘टक्’ होऊनही तो खणखणीत राहिला, तर मोटरमधून पुरेसा करंट वाहतच नाही. हेडलाइटवरून हा अंदाज आता बांधता येत नाही, कारण एप्रिल 2017नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो इंजिन सुरू झाल्यावरच लागतो.

साफसफाईत एक क्रम पाळायचा: आधी निगेटिव्ह काढायचा आणि तो सर्वांत शेवटी लावायचा, म्हणजे पॉझिटिव्ह खोलताना पाना चेसिसला टेकला तरी शॉर्ट होत नाही. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, ही तक्रार मात्र विजेची नाही. तिथे मोटरची फेरी इंजिनला देणारा वन-वे क्लच पाहायचा. आणि मोजणीने बॅटरीच उतरलेली ठरली, तर पुढचा प्रश्न ती का उतरली हा आहे. गाडी रेस केल्यावर बॅटरीवर 14च्या आसपास व्होल्ट येत नसतील, तर नवी बॅटरीसुद्धा जुनीच्या वाटेने जाणार. ते व्होल्ट जिथे तयार होतात ती कॉइल आणि त्यांना आवर घालणारा रेग्युलेटर पुढच्या आठवड्यात पाहू.