पेटंटचा अर्ज नामंजूर झाला तर?

राईस मिलच्या चाळणीत किंवा मागाच्या धोट्यात कारागीर सुधारणा करतो, पेटंटचा अर्ज टाकतो आणि परीक्षकाचा अहवाल येतो की ही युक्ती आधीपासून माहीत आहे. हा अहवाल म्हणजे निकाल नव्हे. निकाल कंट्रोलर देतात. अहवालाच्या तारखेपासून 6 महिन्यांत उत्तर द्यावे लागते. अर्ज करून मुदत 3 महिने वाढवून मिळते. उत्तरच गेले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. त्यामुळे फाईल बांधून ठेवू नये.

उत्तरात काय लिहावे? आपला माल चांगला खपतो, एवढ्याने काम होत नाही. परीक्षकाने दाखवलेल्या जुन्या वस्तूत आणि आपल्या वस्तूत नेमकी तफावत कोणती, आणि जाणकार कारागिराला ती सहज का सुचली नसती, हे दाखवावे लागते.

मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातला खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. लेथवर भांडे धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट 1951 चे होते. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायाधीशाने ते रद्द केले, खंडपीठाने पुन्हा कायम केले आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्दच ठरवले. जुन्याच साधनांची जुळवाजुळव, म्हणजे कारखान्यातली नेहमीची सुधारणा, हा शोध नव्हे असे न्यायालयाने म्हटले. आपल्या हुनरमंद लोकांना हा निकाल कडू वाटेल, पण कसोटी तीच आहे.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. अर्जाआधीच माल बाजारात विकला असेल तर आपलाच माल आपल्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो.

सुनावणीनंतर 15 दिवसांत लेखी म्हणणे देता येते. तरीही कंट्रोलरने कलम 15 खाली अर्ज फेटाळला तर कलम 117अ प्रमाणे हुकुमाच्या तारखेपासून 3 महिन्यांत अपील करता येते. पूर्वी हे अपील बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जाई. 2021 मध्ये ते मंडळ बंद झाले. आता मुंबई पेटंट कार्यालयाच्या हुकुमावर मुंबई उच्च न्यायालयात जावे लागते.

अपिलात हुकुमाची कारणे तपासून घ्यावीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ॲग्रीबोर्ड खटल्यात सांगितले की जुनी वस्तू कोणती, अर्जातली कोणती आणि एकीवरून दुसरी सहज कशी सुचते, या तिन्हींचा विचार हुकुमात हवा. त्या खटल्यात प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले गेले. अपिलात बऱ्याचदा एवढेच पदरी पडते. पेटंट थेट हातात येईल असे धरून खर्चाचा हिशेब करू नये.