क्लासिक मोटारीच्या बॉडीची रंगपूर्व तयारी

क्लासिक मोटारीच्या बॉडीची रंगपूर्व तयारी म्हणजे जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करताना नवा रंग देण्यापूर्वी तिच्या पत्र्यावर केली जाणारी क्रमबद्ध कामे होत. पाहणी व नोंद, जुना रंग उतरवणे, गंज काढणे, कुजलेला पत्रा बदलणे, पोचे काढणे, पुट्टी भरणे, प्रायमर देणे आणि घासून पृष्ठभाग सपाट करणे हे तिचे मुख्य टप्पे आहेत. प्रत्यक्ष रंगाच्या फवारणीपेक्षा या तयारीला कितीतरी अधिक वेळ लागतो. रंगाचा थर मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ असल्यामुळे खालचा दोष तो झाकू शकत नाही. चकाकीमुळे उंचसखलपणा उलट अधिक उठून दिसतो. रंगाखाली राहिलेला गंज तर नजरेआड वाढतच राहतो. त्यामुळे रंग किती वर्षे टिकेल, हे बहुतांशी तो लावण्यापूर्वीच ठरलेले असते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना घोडागाड्यांप्रमाणे तेलमिश्रित रंग व व्हार्निश हाताने लावत असत. थर वाळण्यास वेळ लागत असल्याने एका गाडीच्या रंगकामाला काही आठवडे जात. १९२० च्या दशकात अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीने ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला. तो फवारता येई व लवकर वाळे. भारतातील गॅरेजांत ‘ड्युको पेंट’ हा शब्द आजही मोटारीच्या फवारणीच्या रंगासाठी सर्रास वापरला जातो. पुढे अल्किड इनॅमल, ॲक्रिलिक आणि दोन घटक मिसळून वापरायचे पॉलियुरेथेन रंग प्रचारात आले.

जीर्णोद्धाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा फरक रंगाखालच्या प्रायमरमध्ये आहे. १९७० च्या दशकापासून कारखान्यांत कॅथोडी विद्युतलेपनाची पद्धत रुळत गेली. तीत संपूर्ण बॉडी द्रवात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर पोकळ भागांच्या आतही बसवला जातो. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत दारांखालील पोकळ पेट्या, मडगार्डच्या आतील बाजू व पत्र्यांचे दुमडलेले सांधे जवळजवळ उघडेच राहत. जुन्या गाड्या आतून बाहेर कुजतात त्या यामुळे.

पाहणी आणि नोंद

प्रथम सुटे भाग, रबरी पट्ट्या, दिवे व बिल्ले काढून प्रत्येक अवस्थेची छायाचित्रे घेतली जातात. मूळ रंगाची खूण बहुधा डॅशबोर्डमागे, डिकीच्या कोपऱ्यात किंवा रबरी पट्टीखाली सापडते. असा एखादा भाग न घासता राखून ठेवावा, कारण उतरवलेला मूळ रंग पुन्हा मिळवता येत नाही. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची (फीवा) ट्यूरिन सनदही वाहनाचे मूळ घटक शक्य तितके जपण्यावर आणि केलेल्या बदलांची नोंद ठेवण्यावर भर देते. मूळ रंग बऱ्या स्थितीत असेल, तर तो पूर्ण उतरवण्याऐवजी जतन करणे हाही एक स्वीकारार्ह पर्याय आहे.

पूर्वीच्या दुरुस्त्या शोधण्यासाठी कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतात. जिथे त्याची पकड ढिली पडते, तिथे खाली पुट्टीचा जाड थर असण्याची शक्यता असते. जुना रंग कोणत्या जातीचा आहे हे पाहण्यासाठी आडबाजूच्या भागावर थिनरने भिजवलेला बोळा काही वेळ धरतात. लॅकर विरघळून बोळ्याला लागतो, इनॅमल मऊ पडते वा सुरकुतते आणि पूर्ण पक्व झालेल्या दोन घटकी रंगावर सहसा परिणाम होत नाही. विरघळणाऱ्या जुन्या थरावर तीव्र थिनरचा नवा रंग दिल्यास खालचा थर फुगून उचलला जातो. म्हणून ही चाचणी आवश्यक ठरते.

जुना रंग उतरवणे

घासण्यापूर्वी बॉडी साबणाने धुऊन मेण व वंगण काढणाऱ्या द्रावकाने पुसावी लागते. हा क्रम उलटला, तर पॉलिशमधील सिलिकोन ओरखड्यांत दाबले जाते आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

रंग उतरवण्याच्या प्रमुख पद्धती अशा आहेत :

यांत्रिक घासणी : हाताने किंवा सँडरने घासतात. तिच्यावर नियंत्रण राहते. मात्र एकाच जागी यंत्र रेंगाळल्यास पत्रा तापून वाकडा होतो.

रासायनिक पद्धत : रंग मऊ करणारे द्रव लावून तो खरवडतात. यातील डायक्लोरोमिथेन हा जुना घटक घातक असल्याने अमेरिकेत २०१९ पासून तो असलेल्या रंगकाढू द्रवांची सर्वसामान्य ग्राहकांना विक्री बंद आहे. सांध्यांत अडकलेला द्रव नीट धुतला गेला नाही, तर काही महिन्यांनी तेथूनच नवा रंग सुटू लागतो.

कणांचा मारा : दाबाच्या हवेने कण फेकून रंग व गंज काढतात. दणकट भागांसाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु बॉनेट, छत यांसारख्या सुमारे एक मिलिमीटर वा त्याहून कमी जाडीच्या सपाट पत्र्याला जोरदार माऱ्याने पोक येतो. अशा भागांसाठी प्लॅस्टिकचे कण किंवा सोडा हे सौम्य पर्याय आहेत. सोड्याचा अंश मात्र काळजीपूर्वक धुवावा लागतो.

गंज व पत्र्याची दुरुस्ती

पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने लोखंड गंजते. क्षारांमुळे ही क्रिया वेग घेते. गंज मूळ धातूपेक्षा कित्येक पट अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. फोड दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा अनेकदा चाळणीसारखा झालेला असतो.

वरवरचा गंज घासून काढतात. बारीक खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्ल लावल्यास त्याचे लोह फॉस्फेटात रूपांतर होते. टॅनिक आम्लावर आधारलेली द्रावणेही वापरली जातात. ही द्रावणे उरलेल्या गंजाला आवर घालतात, पण गेलेली ताकद पत्र्याला परत देत नाहीत. छिद्रे पडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून त्या जागी नवा तुकडा वेल्डिंगने जोडणे हाच खरा उपाय होय. सलग वेल्डिंगने पत्रा आक्रसतो, म्हणून दूरदूर टाके देत, मध्ये थंड होऊ देत जोड पूर्ण करतात.

ज्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते आणि बॉडीच सर्व भार वाहते, त्यांत ही बाब सुरक्षिततेशी निगडित आहे. दारांखालील पेट्या व तळाचा पत्रा हे तिथे केवळ आवरण नसून गाडीचा कणा असतात. त्यांवरील भोकांत पुट्टी, कापड वा फायबर भरून रंग दिल्यास गाडी देखणी दिसते; परंतु अपघातात ती प्रवाशांना अपेक्षित संरक्षण देऊ शकत नाही. या पेट्या कापण्यापूर्वी आतून तात्पुरते आधार जोडतात आणि दारे बसवून फटी मोजतात. तसे न केल्यास बॉडी खचून दारे पुन्हा नीट लागत नाहीत.

पोचे हातोडी व डॉली यांच्या साहाय्याने आतून-बाहेरून ठोकून काढतात. पत्रा जितका मूळ आकाराला येईल तितकी पुट्टी कमी लागते.

सर्वच गाड्यांची बॉडी लोखंडी नसते. जुन्या लँड रोव्हरचे बरेच पत्रे ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, तर शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी १९५३ पासून फायबरग्लासची आहे. ॲल्युमिनियम व पोलाद जिथे टेकतात, तिथे ओलाव्यात विद्युत-रासायनिक क्षरण होत असल्याने त्यांच्यामध्ये विलग करणारा थर ठेवतात.

प्रायमर, पुट्टी व घासणी

उघडा पत्रा दमट हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागतो. म्हणून तो स्वच्छ होताच प्रायमर देतात. इपॉक्सी प्रायमर ओलावा रोखण्यात सरस मानला जातो. आम्लयुक्त प्रायमर धातूला घट्ट धरतो, परंतु त्यावर थेट पॉलिस्टर पुट्टी सहसा भरत नाहीत. एकाच उत्पादकाचे परस्परांशी जुळणारे थर वापरणे श्रेयस्कर ठरते.

कारागीर जिला ‘लांबी’ असेही म्हणतात, ती पुट्टी पॉलिस्टर रेझिन व शंखजिऱ्याची पूड यांची बनलेली असते. तीत हार्डनर अल्प प्रमाणात मिसळतात. तो जास्त झाल्यास वरच्या रंगावर डाग उमटतात. घासून झाल्यावर तिचा थर २ ते ३ मिलिमीटरहून जाड राहू नये, अन्यथा तडे जाण्याचा संभव असतो. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासतात. पुट्टी प्रचारात येण्यापूर्वी हे काम शिसे-कथिलाच्या डाकाने होत असे. अनेक जुन्या गाड्यांच्या सांध्यांत तो मूळचा डाक आजही आढळतो.

घासणी ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने सुरू करून १२०, १८० व ३२० अशी चढत नेतात. मधली पायरी गाळल्यास खोल ओरखडे राहतात आणि रंग आक्रसल्यावर काही आठवड्यांनी वर दिसू लागतात. त्यानंतर जाड प्रायमर देऊन त्यावर विरोधी रंगाची पुसट फवारणी करतात आणि लांब सपाट ठोकळ्यावर कागद लावून घासतात. फवारणीचा रंग जिथे टिकून राहतो तो भाग सखल व जिथे लगेच जातो तो उंच, असे समजते. अखेरीस ४०० ते ८०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने घासून, द्रावकाने पुसून बॉडी रंगासाठी सिद्ध होते.

हवामान आणि मुंबईतील गाड्या

मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेली फियाट ११०० डिलाइट व तिचेच पुढील नाव असलेली प्रीमियर पद्मिनी ही या विषयाची जवळची उदाहरणे आहेत. या गाडीला वेगळी चॅसिस नसून बॉडीच भारवाही आहे. समुद्राची खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे तिच्या दारांखालील पेट्या, मडगार्डच्या कडा आणि तळाचा पत्रा विशेष तपासावे लागतात. टॅक्सी म्हणून हिचा मुंबईतील वावर ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. तेव्हापासून उरलेल्या गाड्यांना स्मरणवस्तूचे मोल आले आहे.

लेप देताना पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियसने अधिक असावे, असा संकेत आहे. हवा ३० अंश व आर्द्रता ८५ टक्के असताना दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. म्हणजे पत्रा ३० अंशांखाली असल्यास काम थांबवावे लागते. बंदिस्त, कोरड्या जागेची सोय नसल्यास पावसाळा संपेपर्यंत वाट पाहणे हिताचे ठरते.

सुरक्षितता

जुन्या रंगांत, विशेषतः लेड क्रोमेट वापरलेल्या पिवळ्या व नारिंगी छटांत, शिसे असू शकते. त्याची धूळ लहान मुलांना अधिक बाधक असते. म्हणून असा रंग राहत्या घराच्या आवारात कोरडा घासू नये आणि कामाचे कपडे घरात आणू नयेत. भारतात शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती आहे. साध्या वाळूच्या माऱ्यातून उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य विकार होतो. दोन घटकी रंगांच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. धुळीचा साधा मास्क ते अडवू शकत नाही. तोंडाला रुमाल बांधून काम करण्याची लहान गॅरेजांतील रीत या दृष्टीने धोकादायक आहे.

कायदेशीर बाजू

२०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले वाहन या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे पत्रा कापण्यापूर्वीची छायाचित्रे व केलेल्या कामाची टिपणे जपून ठेवणे उपयुक्त ठरते. मूळ रंगाऐवजी दुसरा रंग दिल्यास नोंदणी प्रमाणपत्रातही तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते.

हेही पाहा

गंज
प्रीमियर पद्मिनी
हिंदुस्थान ॲम्बॅसॅडर
सिलिकोसिस